११६ च्या शेजारी २०३: एका रस्त्याच्या फेरक्रमांकनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाव-गाव बाजूला ठेवतो. शहर मध्यम आकाराचं. नदीच्या एका काठावर जुनी वस्ती, पुलापलीकडे नंतर वाढलेला भाग. त्या भागाच्या मधोमध पुलापासून जलकुंभापर्यंत ३.२ किलोमीटरचा एक रस्ता जातो. त्याला इथे पूलरस्ता म्हणू. या कामात मी नकाशाच्या बाजूला होतो: मोजणी करणाऱ्यांनी आणलेली माहिती नकाशावर चढवायची, चूक सापडली की त्यांना पुन्हा उन्हात पाठवायचं आणि त्यांच्या शिव्या खायच्या.

पूलरस्त्यावरच्या घरांना क्रमांक होते आणि ते शिस्तीत दिलेले होते. फक्त ती शिस्त रस्त्याची नव्हती, नोंदवहीची होती. ज्याचा बांधकामाचा अर्ज आधी मंजूर, त्याला पुढचा आकडा. पहिलं घर उभं राहिलं रस्त्याच्या मध्यावर, म्हणून १ मध्यावर. २ पुलाजवळ. ३ पार जलकुंभापाशी. असं करत वही ४१२ वर पोचली होती.

याला कोणी अडाणीपणा म्हणू नये. व्हिएन्नात १७७० मध्ये सैन्यभरतीसाठी घरांना आकडे लावले, तेव्हा नंतर बांधलेल्या घराला पुढचा मोकळा आकडा मिळत गेला. शहर वाढलं, शेजारीशेजारी भलतेच आकडे येऊ लागले आणि १८६२ मध्ये रस्त्यानुसार नवे क्रमांक द्यावे लागले. ज्याला घरं मोजायची आहेत, मग ती करासाठी असोत की सैनिकांसाठी, त्याला वहीचा क्रम पुरतो. ज्याला घर शोधायचंय त्याच्या तो काहीच कामाचा नसतो.

ती वही मी पाहिली आहे. ४८ च्या ओळीत मूळ नोंद निळ्या शाईत. भूखंडाची वाटणी झाली तेव्हा समासात काळ्या शाईने ४८अ आणि ४८ब. मग ४८ब चा अर्धा भाग विकला गेला, त्याचा ४८ब/१ लाल शाईत, ओळ संपल्यामुळे उभा लिहिलेला. आणि पेन्सिलीने, कोणाच्या अक्षरात ते कळत नाही, 'मागचं घर'. हा 'मागचं घर' नावाचा पत्ता विजेच्या बिलावर छापूनसुद्धा येत होता.

अडचण

बरीच वर्षं हे सगळं चाललं, कारण एका जुन्या पोस्टमनच्या डोक्यात अख्खा रस्ता होता. ते निवृत्त झाले आणि रस्त्याचा खरा नकाशा त्यांच्याबरोबर घरी गेला.

प्रकरण वर आलं ते रुग्णवाहिकेमुळे. फोन करणाऱ्याने घर क्रमांक ११७ सांगितला. चालकाला ११६ सापडलं. त्याच्या शेजारी २०३. पलीकडे ५२. रात्रीची वेळ, विचारायला कोणी नाही. तो पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ११७ जलकुंभाच्या अलीकडे होतं, ११६ पासून किलोमीटरभराहून लांब. अकरा मिनिटं गेली. रुग्ण वाचला, म्हणून बातमी झाली नाही, पण चालकाने अहवालात एक ओळ लिहिली: 'पत्ता बरोबर होता, तरी घर सापडलं नाही.' पुढच्या सगळ्या बैठकांत हीच ओळ वाचून दाखवली जायची.

क्रमांक बदलू या, एवढं म्हणायला सगळे तयार होते. अडवलं ते कर विभागाने. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हाच आकडा खरेदीखतावर आहे, कर्जाच्या कागदांवर आहे, वारसाच्या दाव्यांत आहे, तो बदललात तर उद्या माणूस येऊन म्हणेल की थकबाकी ४८ ची होती, माझं घर तर आता वेगळंच आहे. आम्हाला आधी ही आडमुठेपणाची भाषा वाटली. दोन बैठकांनंतर लक्षात आलं की त्यांची भीती खरी आहे, आणि अडचणीचं मूळही तिथेच आहे. एकाच आकड्याला दोन नोकऱ्या लावल्या होत्या: मालमत्ता ओळखणं आणि दार सापडणं. पहिल्या कामासाठी आकडा कधीच बदलू नये. दुसऱ्या कामासाठी तो रस्त्याशी जुळला पाहिजे, मग बदलावा लागला तरी चालेल.

पहिला निर्णय: दोन आकडे

म्हणून क्रमांकाची पद्धत ठरवण्याआधी आकडे वेगळे केले. वहीतला जुना आकडा 'मिळकत क्रमांक' म्हणून जसाच्या तसा राहील, फक्त कर आणि हक्काच्या कागदांवर. दारावर 'घर क्रमांक' लागेल, तो नवा.

यात नवं काही नाही. प्रागमध्ये अजूनही घरांवर दोन पाट्या दिसतात: लाल पाटीवर नोंदणीचा आकडा, निळ्या पाटीवर रस्त्यावरचा. जपानमध्ये पत्त्यासाठी जमिनीच्या तुकड्यांचेच क्रमांक वापरायचे. १९६२ च्या कायद्याने जमिनीचा क्रमांक आणि राहत्या जागेचा क्रमांक वेगळे करायची सोय झाली. आम्ही हे बैठकीत सांगितलं तेव्हा कर विभागाचे वरिष्ठ म्हणाले, "म्हणजे आमच्या वहीला हात लागणार नाही ना? मग दारावर काय हवं ते लावा." दोन महिने अडलेलं काम त्या वाक्यावर सुटलं.

समोरचे पर्याय

चौकाचौकांत नकाशाफलक लावून जुनेच आकडे ठेवणं हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता. रात्री रुग्णवाहिकेतून उतरून फलक कोण वाचणार, या एका प्रश्नात तो बाद झाला.

दुसरा पर्याय बहुतेकांच्या मनात आधीपासून होता: पुलापासून सुरुवात करून डावीकडे १, ३, ५ आणि उजवीकडे २, ४, ६. ही सम-विषम पद्धत १८०५ च्या फर्मानाने पॅरिसमध्ये लागू झाली. तिथे सेन नदीपासून निघणाऱ्या रस्त्यांचे आकडे नदीकडून मोजतात, नदीला समांतर रस्त्यांचे प्रवाहाच्या दिशेने. लोकांना ती लगेच कळते. (एका सदस्याने बर्लिनमधल्या जुन्या रस्त्यांचा दाखला दिला, तिथे आकडे एका बाजूने टोकापर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने परत येतात. रस्ता लांबला की काय करायचं, असं विचारल्यावर त्यांनी तो मागे घेतला.) आमची अडचण मोकळ्या भूखंडांची होती. रस्ता जलकुंभाकडे अजून अर्धवट भरलेला. मोकळ्या जागेसाठी दोन आकडे राखून ठेवायचे की दहा? अंदाज चुकला की पुन्हा ४८ब/१.

तिसरा पर्याय अंतराचा. ब्राझीलमधल्या अनेक शहरांत घराचा आकडा म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं मीटरमधलं अंतर. दक्षिण कोरियाने १ जानेवारी २०१४ पासून जमिनीच्या तुकड्यांचे जुने पत्ते सोडून रस्त्यावर आधारलेले पत्ते पूर्णपणे लागू केले. तिथे रस्त्याचे २० मीटरचे टप्पे पाडतात, टप्प्याच्या डाव्या बाजूला विषम आकडा, उजव्या बाजूला सम. आकडे आटोपशीर राहतात, पण एका टप्प्यात तीन दारं आली की उपक्रमांक जोडावा लागतो. आमच्या रस्त्यावर सगळ्यात अरुंद घराची दर्शनी रुंदी साडेतीन मीटर होती. मीटरचाच आकडा घेतला तर प्रत्येक बाजूला दर दोन मीटरला एक क्रमांक मिळतो, म्हणजे उपक्रमांकाची गरजच नाही. किंमत एवढीच की आकडे चार अंकी होणार.

चौथा पर्याय तरुण अभियंत्यांचा लाडका: घरांना आकडेच नकोत, पृथ्वीवर आखलेल्या जाळीतला कोड द्या. गूगलचा दहा अक्षरी प्लस कोड साधारण १४ मीटर बाजूच्या चौकोनावर बोट ठेवतो, व्हॉट थ्री वर्ड्सचा तीन शब्दांचा संच ३ मीटरच्या. मोबाइलवर उत्तम. पण कोड रस्त्यावर उभ्या माणसाला पुढे जायचं की मागे हे सांगत नाही. शेजारच्या चौकोनाचे तीन शब्द पूर्ण वेगळे असतात. आणि चौकोन छपरावर बसतो, दारावर नाही. नकाशात प्रत्येक दाराचे अक्षांश-रेखांश नोंदवायचे, पाटीवर मात्र आकडा, असं ठरलं.

मत पडलं मीटरच्या बाजूने. माझं मत आधी सम-विषमला होतं. बदललं ते एका साध्या प्रयोगाने. चालकाला विचारलं: तुम्ही ९०० समोर आहात, १८७५ ला जायचंय, काय कराल? तो म्हणाला, "अजून एक किलोमीटर, डावीकडे बघत." नकाशा न उघडता.

दुसरा निर्णय: शून्य कुठे

शिकागोत १९०९ मध्ये सगळ्या शहराचे आकडे बदलले, तेव्हा एडवर्ड ब्रेनन नावाच्या नागरिकाच्या आग्रहामुळे स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते छेदतात तिथे शहराचं एकच शून्य ठेवलं गेलं आणि मैलाला ८०० आकडे असा हिशेब धरला. आम्हाला एकाच रस्त्यापुरता शून्य हवा होता, तरी वाद झालाच. जलकुंभाकडच्या लोकांना वाटलं की पुलाकडून मोजलं तर आपण 'शेवटचे' ठरतो. उत्तर सोपं होतं: रस्ता पुलाकडे वाढूच शकत नाही, तिथे नदी आहे. जलकुंभापलीकडे तो वाढणार. शून्य तिथेच ठेवावं जिथून रस्ता मागे सरकत नाही.

हे बरोबर ठरलं. त्याच बैठकीत एक चूकही झाली, ती पुढे सांगतो.

प्रत्यक्ष काम आणि पहिली फसगत

पहिली यादी आम्ही कार्यालयात बसून केली. हवाई छायाचित्र घ्यायचं, इमारतीचा मध्य काढायचा, तो रस्त्याच्या मध्यरेषेवर आणून अंतर वाचायचं. चार दिवसांत यादी तयार. तपासणीसाठी मोजणीचं चाक घेऊन दोघे जण निघाले, मी सोबत गेलो.

ते चाक म्हणजे दांड्याला लावलेलं एक चाक, दर मीटरला टक् वाजतं. आमच्या यादीत ६४० असलेल्या घरासमोर पोचलो. दार बंद, पायरीवर पानांचा ढीग. हाक मारल्यावर एक आजी बाजूच्या बोळातून बाहेर आल्या.

"या दाराने कोण येतंय? त्याच्या आतून कपाट लावलंय, माझ्या लग्नापासून."

"मग घरात जायचं कुठून, आजी?"

"मागून. गल्लीतून. सगळे मागूनच येतात."

आजींसारखी ६३ घरं निघाली, म्हणजे दर्शनी भाग पूलरस्त्यावर आणि राबतं दार मागच्या गल्लीत. आमचे आकडे त्या सगळ्यांना भिंतीसमोर उभं करत होते. लाजिरवाणी गोष्ट ही की ज्या जपानी पद्धतीचा दाखला आम्हीच दिला होता, तिच्यात क्रमांक दारावरूनच ठरतो: घरांच्या गटाच्या कडेने १० ते १५ मीटरचे टप्पे आखतात आणि मुख्य प्रवेश ज्या टप्प्यात, त्याचा आकडा घराला. आम्ही अर्धाच धडा वाचला होता. यादी टाकून दिली आणि पुन्हा दारोदार चाक फिरवलं. तीन आठवडे लागले. वहीतल्या ४१२ आकड्यांची प्रत्यक्षात ५३१ दारं निघाली.

गल्ल्यांचा प्रश्न यातूनच आला. त्यांना नावं नव्हती, आणि नाव ठरवायला बसलो तर एका गल्लीसाठी सात सूचना आणि एक भांडण. तैवानची रीत कामी आली: तिथे गल्लीला मुख्य रस्त्यावर ती जिथे फुटते तिथला आकडा देतात. आजींची गल्ली झाली '६५२ गल्ली', आणि गल्लीच्या तोंडापासून मीटर मोजून आजींचं दार २९. नावाची गरज उरली नाही. शिवाय पत्त्यातच कळतं की आधी ६५२ पर्यंत जा, मग आत वळा.

कोपऱ्यावरच्या घरांचं राबत्या दारावरून ठरलं. सदनिकांच्या इमारतींना प्रवेशाचा एक आकडा, पुढे तिरकी रेघ आणि सदनिकेचा क्रमांक.

आकड्यांशी लोकांचं नातं किती घट्ट असतं ते यादी लावल्यावर दिसलं. जुन्या १ च्या मालकांना १५४१ व्हायचं नव्हतं. त्यांच्या पाटीवर बारीक अक्षरांत 'जुना १' कायमचं ठेवलं, तेव्हा ते मानले. एका गृहस्थांना मिळालेला आकडा अशुभ वाटला. मोजणी बदलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, फाटक दोन मीटर सरकवलं तर? नियमात बसत होतं. त्यांनी खरंच सरकवलं.

दोन चुका

पहिली चूक टकरीची. नवे आकडे ३ पासून ३,२०० च्या आसपास जात होते, जुने १ ते ४१२. म्हणजे पुलापासूनच्या पहिल्या ४१२ मीटरमध्ये लागलेला जवळजवळ प्रत्येक नवा आकडा रस्त्यावर दुसरीकडे कुठेतरी जुना आकडा म्हणून जिवंत होता. जुनं २०३ आता १८७५ झालं होतं, पण त्याच्या नावाची पत्रं २०३ लिहूनच येत होती आणि ती पुलाजवळच्या नव्या २०३ कडे जाऊन पडत होती. त्या पट्ट्यात ७४ दारं होती. तीन जुनी घरं पाडली गेली होती, म्हणून टकरी ७१. पहिल्या दोन महिन्यांत आलेल्या चुकीच्या टपालाच्या तक्रारी मी नकाशावर टाकल्या, तर सगळ्या या ७१ जोड्यांमधल्या. ज्या जुन्या आकड्याला नवा जुळा नव्हता, त्याची एकही तक्रार नाही. तिथे पोस्टमनला आकडा बघताच कळायचं की हा जुना आहे, तक्ता उघडा.

म्हणजे शून्याच्या जागी १,००० धरलं असतं तर एकही टक्कर झाली नसती. त्या बैठकीत हा विचार कोणाला सुचला नाही, मलाही नाही. आम्ही शून्याची जागा ठरवण्यात इतके गुंतलो की शून्याला शून्यच म्हणायला हवं का, हे विचारायचं राहून गेलं.

दुसरी चूक एका शब्दाची. रहिवाशांना बँक, वीज, विमा यांच्याकडे दाखवायला जुना आणि नवा पत्ता एकच असल्याचा दाखला द्यायचा होता. दाखल्याचा मसुदा जुन्याच साच्यातून घेतला आणि त्यात छापलं गेलं, 'मिळकत क्रमांक बदलून पुढीलप्रमाणे करण्यात आला आहे'. चाळीस दाखले वाटून झाल्यावर एका बँकेने कर्जाचे कागद थांबवले, कारण त्यांच्या दृष्टीने तारण ठेवलेली मिळकतच नाहीशी झाली होती. कर विभागाला दिलेला शब्द आम्ही स्वतःच्या सहीने मोडला होता. दाखले परत घेतले, दारोदार जाऊन नवे दिले. 'मिळकत क्रमांकात बदल नाही' हे वाक्य आता त्यात ठळक असतं आणि तेच पहिलं असतं.

काय निष्पन्न झालं

रुग्णवाहिका आता लवकर पोचते का, याचा आकडा मी देणार नाही. बदलाआधी वेळेची नोंदच ठेवली नव्हती. कामाला हात घालण्यापूर्वी एक महिना ती ठेवायला हवी होती. चालक मात्र फोनवर 'कशाच्या शेजारी?' असं विचारायचे थांबले, हे मी नियंत्रण कक्षात बसून ऐकलं आहे.

खरी परीक्षा आठ महिन्यांनी झाली. १२९० आणि १३०२ च्या मधल्या मोकळ्या जागेत दोन घरं उभी राहिली, दोघांचा प्रवेश उजव्या बाजूने. खिडकीवरच्या कारकुनाने दाराचं अंतर पाहिलं आणि १२९४ आणि १२९८ लिहून दिले. बैठक नाही, समास नाही, लाल शाई नाही.

एक गुंता नंतर आला. जलकुंभाजवळचं वळण सरळ केलं आणि रस्ता ३८ मीटरने आखूड झाला. आता पुढच्या दारांचं अंतर नव्याने मोजायचं? मोजलं असतं तर वळणापुढचे सगळे आकडे बदलले असते. ठरलं ते असं की पहिल्या मोजणीची मध्यरेषा नकाशात कायम गोठवायची आणि नवं दार तिच्यावरच मोजायचं. वळणापाशी आकडे ३८ ने उडी मारतात, मारू देत. हा नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला हवा होता. तेव्हा आम्ही समजत होतो की आकडा रस्त्यावर आहे. तो आधीपासून नकाशातल्या रेषेवर होता.

पुढचा रस्ता

वर्षभराने पुलापासून निघणाऱ्या दुसऱ्या रस्त्याचं काम हाती घेतलं. या वेळी आधी चाक फिरलं, मग नकाशा. दाखल्याचा मसुदा कर विभागाने लिहिला. रुग्णवाहिकेच्या वेळा महिनाभर आधीपासून टिपल्या. आणि पुलाजवळच्या पहिल्या दारावर पाटी लागली १००३ ची. ती ठोकत असताना मालक बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "माझ्या आधीची हजार घरं काय नदीत आहेत का?"